फळवाघूळ आणि गेंड्या भुंगा : दोन दूरच्या जिवांची तुलना कशी करावी

एक सस्तन प्राणी आणि एक कीटक यांची तुलना करा म्हटलं की बहुतेक जण वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढतात आणि लिहायला लागतात. हा मोठा, तो लहान. याला दोन पाय, त्याला सहा. याच्या अंगावर केस, त्याच्या अंगावर कवच. पान भरतं, लिहिलेलं सगळं बरोबरही असतं, पण हातात नवं काही येत नाही. हे सगळं वही उघडण्याआधीच ठाऊक होतं. निसर्गनोंदी ठेवायला शिकवताना मी ही रेघ पहिल्याच दिवशी पुसायला लावते. आधी प्रश्न शोधा. दोघांनाही लागू पडेल असा एक प्रश्न घ्या, तो दोघांना सारख्याच शब्दांत विचारा आणि उत्तरं कुठे जुळतात, कुठे फाटतात ते बघा.

ही पद्धत एका जोडीवर शेवटपर्यंत चालवून दाखवते. जोडी माझ्या फार आवडीची आहे: आपल्याकडचं मोठं फळवाघूळ आणि नारळावरचा गेंड्या भुंगा.

जोडी जातीची हवी, गटाची नको

‘वटवाघूळ आणि भुंगेरा’ हा विषय तुलनेला उपयोगाचा नाही. जगात वटवाघळांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत आणि नोंद झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती ४ लाखांच्या आसपास. एवढ्या मोठ्या गटांबद्दल कुठलंही वाक्य लिहिलं तरी त्याला अपवाद निघतोच. ‘वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतं’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. आपल्या मोठ्या फळवाघळाला ते लागूच होत नाही. ते डोळ्यांनी बघतं आणि वासाने फळ शोधतं. गटाची माहिती जातीवर चिकटवली की तुलना पहिल्याच ओळीत घसरते.

जात ठरली की तिचं शास्त्रीय नाव वहीत वरती लिहा आणि जुनी नावंही शोधून ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढचे कित्येक तास वाचवतं. फळवाघळाचं आजचं नाव टेरोपस मीडियस. जुन्या पुस्तकांत आणि अहवालांत तेच जनावर टेरोपस जायगँटियस या नावाने सापडतं. हे माहीत नसेल तर एकाच प्राण्याची माहिती दोन प्राण्यांची समजून तुम्ही दोन ठिकाणी लिहाल. गेंड्या भुंग्याचं नाव ऑरिक्टिस रायनोसेरॉस. त्यातला जातीचा शब्द सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली दिला, तो आजही टिकून आहे.

दुसरी अट माझी स्वतःची: दोघं निसर्गात कुठेतरी एकमेकांच्या जवळ येत असावेत. दोघांचा पत्ता एक असला की तुलनेला आपोआप धार येते. ही जोडी ताडवर्गीय झाडांच्या शेंड्यावर भेटते. भुंगा नारळाच्या, ताडाच्या, खजुरीच्या शेंड्यात भोक पाडतो. फळवाघूळ रात्री खजुरीच्या झाडाला लावलेल्या मडक्यापाशी येऊन गोड रस चाटतं. बांगलादेशात हे चांगलं नोंदलं गेलं आहे. दोघंही निशाचर, दोघंही दक्षिण आशियाचे मूळ रहिवासी, आणि बागायतदारांच्या तोंडी दोघांचंही नाव तक्रारीच्या सुरात येतं. ही तक्रार दोघांना सारखीच लागू होते का, हा आपला मुख्य प्रश्न ठेवू. तुलनेला असा एक मुख्य प्रश्न असलाच पाहिजे, नाहीतर माहिती गोळा करत राहण्याला अंत नसतो.

पान कसं आखायचं

चार रकाने करा. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात वाघूळ, तिसऱ्यात भुंगा, आणि चौथ्यात ‘मग काय?’. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दोन उत्तरं लिहून झाल्यावर त्यांतून काय निघतं ते तिथे एका वाक्यात लिहायचं. तिथे लिहायला काही सुचत नसेल तर तो प्रश्नच खोडून टाका. ‘रंग कोणता?’ हा प्रश्न मी नेहमी खोडलेला पाहिला आहे. ‘रात्री अन्न कसं सापडतं?’ हा कधीच खोडावा लागत नाही.

मापं घेताना जपून. वटवाघळाचं प्रमाण माप म्हणजे कोपर ते मनगट ही लांबी. या जातीत ती साधारण १५ ते १८ सेंटिमीटर. भुंग्याचं माप म्हणजे डोक्यापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी. साडेतीन ते पाच सेंटिमीटर. हे दोन आकडे एकमेकांशेजारी लिहून भागाकार केला तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ काही नाही, कारण मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या आहेत. एकाच प्राण्याच्या दोन मापांचं गुणोत्तर काढा आणि मग ते दुसऱ्याशी ताडून बघा. फळवाघळाचं डोकं-धड मिळून २० ते ३० सेंटिमीटर आणि पसरलेल्या पंखांची रुंदी १.२ ते १.५ मीटर, म्हणजे शरीराच्या सुमारे पाचपट. हा आकडा या प्राण्याबद्दल खूप बोलतो: लांब पल्ला, संथ झेप, उतरायला मोकळी जागा. वजन ६०० ग्रॅमपासून दीड किलोच्या पुढेही जातं. भुंगा काही ग्रॅमचा.

भुंग्याच्या बाबतीत एक सूचना. लहान आकाराचा गेंड्या भुंगा सापडला तर ते पिल्लू आहे असं लिहू नका. कोषातून बाहेर आलेला भुंगा पुढे वाढत नाही. त्याचा आकार अळीला किती आणि कसं अन्न मिळालं यावर आधीच ठरून गेलेला असतो. लहान दिसणारं फळवाघूळ मात्र खरोखरच कोवळ्या वयाचं असू शकतं. ‘आकारावरून वय कळतं का?’ हा प्रश्न या जोडीला जरूर विचारा.

पंख : मूळ वेगळं, काम एक

दोन दूरच्या प्राण्यांत एखादा अवयव सारखा दिसला की दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. तो आला कुठून, आणि तो करतो काय. या दोन उत्तरांची गल्लत हाच अशा तुलनांतला सगळ्यात नेहमीचा घोटाळा.

वाघळाचा पंख म्हणजे हात. खांद्यापासून कोपर, मनगट, आणि मग प्रचंड लांबलेली बोटं. त्या बोटांमधून आणि पुढे पायाच्या घोट्यापर्यंत पातळ कातडी ताणलेली. अंगठा मोकळा, त्याला नखी, फांदीवर चढायला उपयोगी. फळवाघळांत दुसऱ्या बोटालाही नखी असते. एखादं चित्र समोर ठेवा आणि आपल्या हाताचं एकेक हाड त्यात शोधा, जवळजवळ सगळी सापडतात. पंखात स्नायू, रक्तवाहिन्या आणि संवेदना टिपणारे बारीक केस असतात, त्यामुळे उडतानाच पंखाचा आकार बोटाबोटाने बदलता येतो.

भुंग्याचा पंख हात नाही आणि पायही नाही. त्याला पंखांच्या दोन जोड्या. पुढची जोडी टणक होऊन पाठीवरचं झाकण बनलेली. उडणारी जोडी मागची. ती पातळ पापुद्र्याची, आणि एरवी झाकणाखाली घडी घालून ठेवलेली. त्या पापुद्र्यात स्नायू नाहीत. ताकद छातीतल्या स्नायूंची. ते छातीचं कवचच आत-बाहेर दाबतात आणि मुळाशी जोडलेला पंख वरखाली होतो.

आता ‘मग काय?’ लिहू. वाघळाच्या पंखाला लहान भोक पडलं तर ते काही आठवड्यांत भरून येतं, कारण ती जिवंत, रक्त खेळणारी कातडी आहे. भुंग्याचा पंख फाटला तर तो मरेपर्यंत फाटकाच राहतो. एकाकडे दुरुस्तीची सोय आहे, एकाकडे नाही, आणि पुढे आयुष्याची लांबी बघताना हे आठवायचं आहे.

काळाची एक ओळही इथे टाका. उडणारे कीटक ३२ कोटी वर्षांपूर्वीही होते. वटवाघळांचे सगळ्यात जुने पूर्ण सांगाडे अमेरिकेतल्या वायोमिंगच्या खडकांत सापडले, ते सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे. या दोघांचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांच्याही मागे आहे आणि त्याला पंख नव्हते. म्हणजे उडणं या दोन वंशांत स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या सामानातून घडलं. ‘दोघांनाही पंख आहेत, म्हणून ते जवळचे’ हे वाक्य तुमच्या वहीत कुठे आलं असेल तर आत्ताच काट मारा. खुद्द लिनियसने १७५८ साली वटवाघळांना माणूस आणि माकडांच्या रांगेत बसवलं होतं. ते आज मान्य नाही, पण पंख बघून त्याने त्यांना पक्ष्यांत किंवा कीटकांत टाकलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अन्न : इथे जास्त थांबा

या जोडीची खरी मजा अन्नात आहे, म्हणून या प्रश्नाला दोन पानं द्या.

फळवाघूळ फळ चावतं, तोंडातल्या तोंडात टाळूवर दाबून त्याचा रस गिळतं, आणि ऊस चोखून चिपाड टाकावं तसा उरलेला चोथा थुंकून देतं. झाडाखाली हे चोथे सापडतात: चपटे, कोरडे, आणि नीट बघितलं तर त्यांवर टाळूच्या वळ्यांचे ठसे दिसतात. ३४ दात असून ते तंतू गिळायचा प्रयत्न करत नाही. उडणाऱ्या जनावराला पोटात ओझं परवडत नाही. रस पटकन पचतो आणि पटकन बाहेर पडतो.

गेंड्या भुंगा नारळाच्या शेंड्यातल्या न उमललेल्या कोंबात शिरतो. तो पान खात नाही. कोवळा गाभा चावून चिरडतो, त्यातला रस पितो आणि तंतूंचा ओला भुसा भोकाच्या तोंडाशी ढकलून देतो. झावळ्यांच्या बेचक्यात असा भुसा दिसला की आत भुंगा आहे किंवा होता हे बागेतल्या माणसाला कळतं.

दोन अगदी वेगळी तोंडं. एकाला दात आणि जीभ, एकाला जबड्याचे चिमटे. आणि उपाय तोच: दाबा, रस घ्या, तंतू टाका. असं जुळणारं उत्तर मिळालं की थांबून विचार करायचा की सारखी अडचण कोणती होती. इथे अडचण आहे वनस्पतीचा तंतू. तो पचवणं दोघांनाही महाग, आणि त्यासोबत मिळणारी साखर दोघांनाही हवी.

पण इथे गाडी अडते, कारण भुंग्याच्या अन्नाबद्दल आपण फक्त अर्धं लिहिलं. अळी, मग कोष, मग प्रौढ असं पूर्ण रूपांतर होणाऱ्या कीटकाची तुलना करताना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतो, एकदा प्रौढाला आणि एकदा अळीला. गेंड्या भुंग्याची अळी हिरव्या झाडाला तोंड लावत नाही. ती कुजलेल्या खोडात, शेणखताच्या खड्ड्यात, पाल्याच्या ढिगात राहते आणि कुजलेलं तेच खाते. म्हणजे ज्या तंतूला प्रौढ भुंगा टाकून देतो, तो कुजल्यावर त्याच्या लेकरांचं जेवण होतो. त्या कामात ती मेलेल्या झाडाची माती करते. एकाच जातीच्या नावावर एका वयात नुकसान आणि दुसऱ्या वयात उपकार जमा आहे.

वाघळाच्या पिल्लाला हा प्रश्न विचारा. ते आईचं दूध पितं, आणि ते दूध आईने खाल्लेल्या फळांतूनच बनतं. म्हणून वाघळात आईचं आणि पिल्लाचं पोट एकाच झाडावर अवलंबून. भुंग्यात दोघांची स्वयंपाकघरं वेगळी. प्रौढ आणि अळी एकमेकांच्या ताटात कधी हात घालत नाहीत. फळांचा हंगाम बुडाला तर वाघळाची दोन्ही वयं एकदम अडचणीत येतात. भुंग्याचं तसं होत नाही. मला ही या सगळ्या तुलनेतली सगळ्यात उपयोगी ओळ वाटते, आणि ती ‘काय खातो?’ एवढंच विचारून कधीच मिळाली नसती.

झाडाला परत काय मिळतं, हेही विचारा. वड, पिंपळ, उंबर यांच्या बारीक बिया वाघळाच्या पोटातून जाऊन दूरवर पडतात. मोहासारखं मोठ्या बीचं फळ ते दुसऱ्या झाडावर नेऊन खातं आणि बी तिथे टाकतं. फुलांतला मध चाटताना परागही नेतं. भुंगा ज्या जिवंत झाडातून रस पितो त्याला काहीही परत देत नाही, आणि भोक शेंड्याच्या गाभ्यापर्यंत गेलं तर झाड मरू शकतं.

रात्री वाट कशी सापडते

हा भाग छोटा. फळवाघळाचे डोळे मोठे, अंधारात चांगलं बघणारे, आणि नाक तीक्ष्ण. फळवाघळांतही रुझेटस नावाच्या गटातली गुहेत राहणारी वाघळं जिभेने टकटक आवाज काढून प्रतिध्वनी ऐकतात, पण आपलं मोठं वाघूळ उघड्या झाडावर राहतं आणि त्याला तसा आवाज काढता येत नाही. भुंग्याच्या शिंगांच्या टोकाला पानांसारख्या पातळ चकत्या असतात, त्या उघडून तो वास घेतो. शिंगं म्हणजे इथे डोक्यावरचं गेंड्याचं शिंग नव्हे, बाजूच्या स्पर्शिका. नर एक वास सोडतो, त्यातलं मुख्य रसायन इथाइल ४-मिथाइलऑक्टॅनोएट, आणि त्यावर नर-माद्या दोन्ही येतात. १९९० च्या दशकात हे रसायन ओळखलं गेलं आणि आता नारळाच्या बागांत सापळ्यांत वापरतात. दोघांचंही नाक महत्त्वाचं, पण वाघूळ त्याने फळ शोधतं आणि भुंगा आपली माणसं.

आयुष्याचा हिशेब

आता बागायतदाराच्या तक्रारीकडे येऊ. त्यासाठी दोघांचं आयुष्य एकाच मापाने मोजलं पाहिजे, आणि ते माप ‘वर्ष’ नसून ‘पिढी’ आहे.

मादी फळवाघूळ साधारण पाच महिने गर्भ वाढवते आणि बहुधा एकच पिल्लू देते. जुलै ते ऑक्टोबर मिलन, फेब्रुवारी ते मे जन्म. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू आईच्या छातीला चिकटून तिच्यासोबतच उडतं. माणसाच्या देखरेखीखाली या जातीचं एक वाघूळ ३१ वर्षं जगल्याची नोंद आहे.

गेंड्या भुंग्याची मादी ५० ते १०० अंडी घालते. ८ ते १२ दिवसांत अळी बाहेर येते. तीन अवस्थांतून जाता जाता ती ८० ते २०० दिवस खात राहते, मग कोष, आणि मग भुंगा. तो प्रौढ म्हणून ४ ते ९ महिने जगतो.

आता गणित मांडा. समजा एका वाघळाच्या मादीला आयुष्यात १० पिल्लं झाली आणि भुंग्याच्या मादीला १०० अंडी. दोघांची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल, तर दोन्हीकडे सरासरी दोनच अपत्यं पुढे प्रजनन करेपर्यंत जगतात. म्हणजे वाघळाची १० पैकी ८ जातात आणि भुंग्याची १०० पैकी ९८. भुंग्याचं आयुष्य या ९८ मृत्यूंना धरूनच बेतलेलं आहे. तुम्ही आणखी दोन-चार प्रौढ मारलेत तर त्यांची जागा लगेच भरते. संख्या कमी करायची तर अळी जिथे वाढते तिथे हात घालावा लागतो: कुजकी खोडं हलवणं, खताचे खड्डे वरचेवर उपसणं. वाघळाकडे असा साठा नाही. एक प्रौढ मादी गेली की तिची पुढची सगळी वर्षं गेली, आणि ती भरून यायला दुसरी एखादी मादी दीड-दोन वर्षांची होईपर्यंत वाट बघावी लागते. एखाद्या झाडावरची वसाहत उठवली किंवा उन्हाच्या लाटेत एकदम पुष्कळ वाघळं मेली तर ती जखम वर्षानुवर्षं राहते.

म्हणून तक्रार सारखी असली तरी उपाय सारखा असूच शकत नाही. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणाऱ्या वटवाघळांना पाचव्या अनुसूचीत, उंदीर-कावळ्यांच्या शेजारी, उपद्रवी म्हणून घातलं होतं. ५० वर्षं ती नोंद तशीच होती. २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवींची ती अनुसूचीच गेली. फळावरचा ओरखडा बघून निकाल दिला की असं होतं. पिढीचा हिशेब मांडला असता तर वाघूळ आणि उंदीर एका यादीत बसलेच नसते. फळं वाचवायची तर झाडावर जाळी घाला, तीही ताणून बसवलेली आणि बारीक वीणीची, म्हणजे वाघूळ अडकणार नाही.

स्वतः बघायचं असेल तर

वाघळांची वसाहत दुरून बघा. वड, पिंपळ, चिंच, निलगिरी असल्या उंच झाडांवर ती दिवसा उघडीच लटकलेली असतात, त्यामुळे दुर्बीण पुरते. संख्या काढायची तर सूर्यास्तानंतर ती बाहेर पडताना एका जागी उभं राहून मोजा. दोघंजण असाल तर दिशा वाटून घ्या. दुपारी पंखांनी वारा घेत असलेली वाघळं दिसली तर तापमान लिहून ठेवा. टाळ्या वाजवून, दगड मारून त्यांना उठवू नका. पिल्लांच्या दिवसांत तर मुळीच नाही, पिल्लू खाली पडतं.

पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवायचं नाही, आणि अर्धवट खाल्लेली फळं उचलून खायची नाहीत. निपाह विषाणूचं नैसर्गिक घर या टेरोपस गटातली वाघळं आहेत. केरळात २०१८ मध्ये त्याचा उद्रेक झाला, आणि बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून तो माणसांत गेल्याचं दिसलं. चोथे बघायचेच असतील तर चिमट्याने उचला आणि नंतर हात साबणाने धुवा. जखमी वाघूळ दिसलं तर वनविभागाला कळवा.

भुंग्यासाठी नारळाच्या झावळ्या बघा. कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दोन्ही बाजूंना सारखे दिसतात, कारण भुंग्याने भोक पाडलं तेव्हा ते पान मिटलेलं होतं. म्हणजे आज दिसणारा काप जुना आहे. नोंदीत ‘आज भुंगा आला’ असं लिहायचं नाही. खताच्या खड्ड्यात इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, जाडजूड, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी मिळते. ती जमिनीवर ठेवा. पाठीवर उलटी होऊन सरपटायला लागली तर ती फुलभुंगेऱ्यांपैकी कुणाची तरी आहे, गेंड्याची नाही. मुळं खाणारी हुमणी शेताच्या मातीत मिळते, तिलाही यात मिसळू नका. प्रौढात नर-मादी ओळखायला मागचं टोक बघा: मादीच्या टोकाला तांबूस केसांचा झुपका असतो. शिंग दोघांनाही असतं, नराचं लांब, पण आखूड शिंगाचे नरही असतात, म्हणून शिंगावर विसंबू नका.

विषाणू आणि प्रवास : दोन जास्तीचे प्रश्न

वेळ असेल तर हेही विचारा. निपाह विषाणू वाघळात राहतो तो बहुधा त्याला आजारी न पाडता. गेंड्या भुंग्याचाही एक विषाणू आहे. १९६३ साली मलेशियात सापडला, आणि तो भुंग्याला मारतो. १९६७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर तो मुद्दाम सोडला आणि तिथले भुंगे घटले. हा भुंगा सामोआत पोचला होता १९०९ साली, श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर. पुढे २००७ मध्ये भुंगा पॅसिफिकमधल्याच ग्वाम बेटावर आणि २०१३ मध्ये हवाईला पोचला. ग्वामवरच्या भुंग्यांवर मात्र तो जुना विषाणू चालत नाही.

यातून तुलनेला एक चांगली ओळ मिळते. रात्रीत कित्येक किलोमीटर उडणारं फळवाघूळ पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत आणि दक्षिणेला श्रीलंका-मालदीवपर्यंतच आहे. जेमतेम पाच सेंटिमीटरचा भुंगा पॅसिफिक महासागर ओलांडून गेला. पंखांची रुंदी आणि पसरण्याची ताकद यांचा इथे संबंध उरत नाही. अळी कुजलेल्या मालात लपते, माल जहाजात जातो.

लिहून काढताना

चौथ्या रकान्यातली वाक्यं तेवढी वेगळ्या कागदावर उतरवा. मधले दोन रकाने त्यांचे पुरावे आहेत, ते गरजेपुरतेच घ्या. परिच्छेद प्राण्यांचे करू नका, प्रश्नांचे करा: ‘आधी वाघूळ सगळं, मग भुंगा सगळा’ अशी मांडणी केली की वाचणाऱ्याला तुलना स्वतःच करावी लागते. प्रत्येक वाक्यात दोघं आलेच पाहिजेत असंही नाही, पण परिच्छेद संपायच्या आत दोघं भेटले पाहिजेत. ‘जास्त प्रगत’, ‘कमी विकसित’ हे शब्द काढून टाका. दोघांचेही वंश सारखाच काळ टिकून आले आहेत.

मग तपासणी. जोडीतली एक जात बदला. मोठ्या फळवाघळाच्या जागी गुहेतलं रुझेटस ठेवा आणि तुमची सगळी वाक्यं पुन्हा वाचा. चोथा थुंकण्याचं वाक्य टिकेल, प्रतिध्वनीचं पडेल, उघड्या झाडावर दिवसा बघण्याचं पडेल, आई आणि पिल्लाच्या एकाच अन्नाचं टिकेल. जी टिकली ती मोठ्या गटाबद्दलची आहेत, जी पडली ती खास त्या जातीची. दोन्हींपुढे तशी खूण करा. मग भुंग्याच्या बाजूला हुमणीचा भुंगेरा घालून हेच पुन्हा करा.